शक्तीची काटकसर

पोहणारा, सायकल चालविणारा आणि धावणारा, ह्या तिघांत अधिक दमाचा कोण? १९७७ साली होनोलुलू येथे एका शर्यतीच्या बक्षीस-समारंभात हा वाद रंगला असता, अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांची पत्नी जूडी यांनी त्याचा निकाल लावण्याचा एक सरळ मार्ग शोधून काढला. हवाईतील ओआहू बेटावर ह्या तिन्ही प्रकारांच्या मोठ्या शर्यती निरनिराळ्या दिवशी होतच असत. त्या एकाच माणसाने एकाच दिवशी, लागोपाठ पुऱ्या कराव्यात! म्हणजे समुद्रात ३.८ किलोमीटर पोहावयाचे, मग १८० किलोमीटर सायकल चालवावयाची आणि शेवटी ४२.२ किलोमीटरांची मॅरेथॉन धावावयाची. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ पुरुष पाण्यात उतरले; १२ जण शेवटपर्यंत पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनीसांजवळचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली म्हणतात. आहारशास्त्र अद्याप त्या वाटेला फिरकले नव्हते, हे उघड आहे.

ह्या शर्यतीला 'आयर्नमॅन' म्हणजे लोहपुरुष असे नाव मिळाले. ते मला थोडे फसवे वाटते. येथे लोखंडाचे काम थोडे. खरे काम आहे ते जमाखर्चाचे.

आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा जो साठा असतो, तो सुमारे २,००० कॅलरींचा. ही झाली खिशातील रोकड. शर्यतीचा खर्च मात्र ८ ते १० हजार कॅलरींच्या घरात जातो. चरबी सडपातळ माणसाजवळही मुबलक असते. पण ती गावाकडच्या जमिनीसारखी आहे. मोल पुष्कळ, परंतु हातात पैसा यावयास वेळ लागतो. चरबीचे ज्वलन संथ, आणि त्यास प्राणवायूही अधिक लागतो. वेग वाढविला की शरीर रोकडीवर हात टाकते, आणि ती सरली की धडधाकट माणूस रस्त्यातच मटकन खाली बसतो.

म्हणून ह्या शर्यतीची तयारी पाहणाऱ्याला मोठी नीरस वाटते. महिनेच्या महिने हे लोक सोबत्याशी सहज बोलता यावे इतक्या बेताच्या गतीने धावतात, तासन् तास सायकल चालवितात, आणि शरीराला चरबीवर चालण्याची सवय लावतात. सायकलीवरून उतरताच पाय आपले नव्हेत असे वाटते; त्याचाही सराव करावा लागतो. इतकेच काय, पोटालाही शिकवावे लागते! श्रम चालू असता तासाला ६० ग्रॅम, चांगली सवय असेल तर ९० ग्रॅमपर्यंत साखर आतड्यांना पेलते. त्याहून अधिक घेतली की पोट बंड करून उठते. पाण्याचेही तसेच. कमी पडले तर घात होतो, आणि नुसतेच पाणी भरमसाट प्याले तर रक्तातील मिठाचे प्रमाण उतरून प्राणावर बेतू शकते. शेवटचे दोन-तीन आठवडे तर श्रम कमी करावयाचे असतात, आणि उत्साही माणसाला तेच सर्वांत जड जाते. ह्या साऱ्या काटकसरीत उधळपट्टी होते ती फक्त रविवारांची. त्याचा हिशेब घरच्या मंडळींना विचारावा!

२०१९ साली गोव्यात मिरामार येथे ह्याच्या निम्म्या अंतराची शर्यत झाली. आपल्या किनाऱ्यावरील दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि न वाळलेला घाम शरीराला थंडावा देत नाही. तेव्हा येथल्या माणसाने परदेशी वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे शहाणपणाचे नव्हे.

१९८१ पासून ही शर्यत हवाईच्याच मोठ्या बेटावर, कोना येथे भरू लागली. तेथे फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्यूली मॉस नावाची २३ वर्षांची विद्यार्थिनी स्त्रियांत सर्वांच्या पुढे होती. व्यायामाचे शरीरशास्त्र हाच तिच्या प्रबंधाचा विषय, आणि त्यासाठीच ती उतरली होती. शेवटची रेषा दृष्टिपथात आली आणि तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. इतक्यात कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली. मॉस हातांगुडघ्यांवर रांगत गेली आणि २९ सेकंदांच्या अंतराने दुसरी आली. दूरचित्रवाणीवर ते दृश्य पाहून असंख्य लोक ह्या खेळाकडे वळले. तिच्या जिद्दीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु मला त्या दृश्यात जिद्दीइतकीच रिकामी झालेली तिजोरीही दिसते. मॉसला बळ कमी पडले नाही, शिल्लक कमी पडली.

शर्यत पुरी करण्यास साधारणतः १७ तासांची मुदत असते. पहाटे निघालेल्यांची ती मध्यरात्रीच्या सुमारास संपते. कोना येथे त्या वेळी रस्त्याच्या दुतर्फा दाटी असते. दिवसाउजेडी जिंकून, जेवून, विश्रांती घेतलेले विजेतेही पुन्हा तेथे येऊन उभे राहतात. आणि अंधारातून लटपटत येणाऱ्या शेवटच्या स्पर्धकाचे नाव पुकारले जाताच टाळ्यांचा कडकडाट होतो.