उथळ आणि वरवरचे

इंग्रजीतला ‘सुपरफिशियल’ हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ एवढाच, की पृष्ठभागाचा, वरच्या थराचा. त्यात निंदा नाही. डॉक्टर जखमेला हा शब्द लावतात तेव्हा उलट घरच्यांचा जीव भांड्यात पडतो! तेथे मराठीत ‘वरवरची जखम’ म्हणावे. ‘उथळ’ आपण पाण्याला म्हणतो, जमिनीलाही. तापीकाठची काळी जमीन खोल, साक्रीकडच्या डोंगरउताराची उथळ. पण तीवरही बाजरी पिकते, तिला कोणी नावे ठेवीत नाही. माणसाला लावला की मात्र हाच शब्द बोचतो. तेव्हा शिक्षकबंधूंनो, मुलाच्या निबंधावर नुसते ‘उथळ’ असे लिहू नका. कापसावरच्या निबंधात बोंडअळी राहिली असेल, तर तसे समासात लिहा. पोरगं शेतात जाऊन पाहील तरी.