आधी तोंड पाण्यात

परीक्षा संपल्या की तरणतलावांवर शिकाऊ मुलांच्या बॅच सुरू होतात. काठावर आईबाबा टॉवेल आणि खाऊचे डबे सांभाळत बसतात. तिथूनच ओरडतात, "पाय मार, घाबरू नकोस!" यातल्या किती जणांना स्वतःला पोहता येतं, हे मी विचारत नाही. मंडळी दुखावतात.

माझी मुलगी शिकायला लागली, तिच्यापाठोपाठ मीही मोठ्यांच्या बॅचमध्ये उतरलो. तिनं काठ धरला, गाल फुगवले आणि तोंड सरळ पाण्यात घातलं. बुडबुडे, मग ठसका, नाक पुसलं न पुसलं की पुन्हा आत! इकडे आम्ही सगळे काका-मावशी माना ताठ धरून उभे. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, खालच्या फरश्या बघ की!"

सगळी मेख इथेच आहे. तळलेली पुरी आठवा. टम्म फुगली की तेलावर कशी निवांत पसरते! झाऱ्यानं तिची एक कड उचला, दुसरी कड बुडालीच. आपलंही तसंच. छातीत हवा भरलेला माणूस सहसा तरंगतो. पण चार-पाच किलोंचं डोकं पाण्याबाहेर काढलं की त्याचा भार पाण्याऐवजी अंगावर येतो आणि पाय खाली जातात. पाय खाली गेले की आपण घाबरतो, घाबरलो की मान आणखी वर. म्हणजे पुरीनं स्वतःच झारा धरलेला! मुलाला यातलं काही ठाऊक नसतं, त्याला तळाच्या फरश्या बघायच्या असतात. म्हणून सांगतो, हातपाय नंतर, आधी तोंड पाण्यात.

पूर्वी गावच्या विहिरीवर पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरांना पाण्यात सोडत, आणि सोडणारा स्वतः पाण्यात असे. काठावर टॉवेल घेऊन नव्हे.

तेव्हा तुम्हीही उतरा, सबबी मला सांगू नका. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यातले मुष्टियोद्धे. 1965च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं, उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले.

एक मात्र बजावतो. मुलाचं धाडस घ्या, बेफिकिरी नको. प्रशिक्षक हजर नसेल तर उथळ पाण्यातसुद्धा उतरायचं नाही, मुलानंही नाही आणि तुम्हीही नाही.

तलाव लांब असेल तर घरी घमेलं भरा. तोंड बुडवा, नाकातून सावकाश बुडबुडे सोडा. मुलांना शेजारी बसवा, ती हसतील. ठसका लागला तर लागू द्या.