चंचल चित्ताचें मोजमाप

दहा वर्षांच्या एखाद्या मुलाविषयीं तिघांस विचारून पाहावें. आई म्हणते, “हा क्षणभर एका जागीं बसत नाहीं.” गुरुजी म्हणतात, “बुद्धि आहे. पण गणित अर्ध्यावर टाकून खिडकीबाहेर पाहत बसतो.” आजोबा म्हणतात, “मुलगे असेच असावयाचे. ह्याचा बाप तरी कोठें वेगळा होता?” तिघेहि खरें बोलतात, आणि तरी डॉक्टरांपुढें गोंधळच उभा राहतो. आईची साक्ष दमलेल्या आईची असते, गुरुजींची साक्ष साठ मुलांच्या वर्गांतून आलेली असते आणि आजोबांच्या साक्षींत नातवावरील माया मिसळलेली असते.

ही अडचण जुनी आहे. बुद्धि शाबूत असूनहि ज्यांस स्वतःस आवरतां येत नाहीं अशा मुलांचें वर्णन लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालींच केलें होतें. आज ज्या विकारास ‘एडीएचडी’ म्हणतात, म्हणजे अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, त्याचा इतिहास सांगणारे बहुधा ह्या वर्णनापासूनच आरंभ करतात. परंतु रक्त तपासून अथवा क्ष-किरणांचें चित्र काढून हा विकार दिसत नाहीं. लक्षणें बाराव्या वर्षापूर्वीं दिसूं लागलेलीं असावींत व तीं घरीं, शाळेंत अशीं निदान दोन ठिकाणीं आढळावींत, असा अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा २०१३ सालचा दंडक आहे. हें ठरवावयाचें तें अखेर वर सांगितलेल्या साक्षींवरूनच.

अवधान मोजतां येतें, ही कल्पना मात्र शाळेंतून निघाली नाहीं. ती युद्धांतून निघाली. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या पडद्यावर तासन् तास नजर ठेवणाऱ्या पहारेकऱ्यांच्या हातून खुणा निसटूं लागल्या. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनीं एक बिनआंकड्यांचें घड्याळ केलें. त्याचा कांटा दर सेकंदास एक पाऊल पुढें जाई, आणि क्वचित् एकदम दोन पावलें उडी घेई. ती उडी ओळखावयाची. दोन तासांच्या त्या पहाऱ्यांत पहिल्या अर्ध्या तासांतच चुका वाढूं लागल्या, असें त्यांनीं १९४८ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९५६ सालीं रॉसवोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं मेंदूस इजा झालेल्या रोग्यांसाठीं अक्षरांची तशीच एक कसोटी रचली. आजच्या संगणकी कसोट्या ह्याच वंशांतील होत.

स्वीडनमध्यें तयार झालेली ‘क्यूबी टेस्ट’ उदाहरणादाखल घ्यावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलास संगणकाच्या पडद्यापुढें बसवितात. कपाळावरील पट्टीस प्रकाश परतविणारी एक खूण लावलेली असते. पडद्यावर राखी वर्तुळ आलें कीं हातांतील कळ दाबावयाची. वर्तुळावर फुली असली तर दाबावयाची नाहीं. पंधरा मिनिटें एवढेंच काम. मोठ्यांस वीस मिनिटें बसावें लागतें, व त्यांची परीक्षा कांहींशी अवघड असते. ना गोष्ट, ना शाबासकी. परीक्षा मुद्दामच कंटाळवाणी केलेली आहे. पतंग उडवितांना ह्या मुलांचें लक्ष खुशाल टिकतें. पारखावयाचें असतें तें नीरस कामांतील लक्ष.

सुटलेलीं वर्तुळें अवधानाची उणीव दाखवितात. फुलीवर दाबलेली कळ उतावळेपणा दाखविते. अवरक्त किरणांचा कॅमेरा डोक्याची हालचाल टिपतो. पण सर्वांत बोलकी गोष्ट निराळीच असते. एक ठोका झटकन् पडतो, पुढचा रेंगाळतो, तिसरा पुन्हा चपळ. मूल नुसतें सावकाश नसतें, तें विषम असतें. ही विषमता वर्गांतील नजरेस सहसा कळत नाहीं; विशेषतः जी मुलगी गडबड न करतां स्वस्थ बसून स्वप्नांत हरवते, तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं.

ह्या कसोटीचा उपयोग किती, हें इंग्लंडांत नीट पारखून पाहण्यांत आलें. दहा केंद्रांतील सहा ते सतरा वर्षांच्या मुलांवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाले. परीक्षा सर्वांचीच घेतली. पण निम्म्यांचा अहवाल डॉक्टरांस लगेच दाखविला व निम्म्यांचा झांकून ठेवला. सहा महिन्यांत अहवाल पाहिलेल्या गटांत शेंकडा ७६ मुलांचा निर्णय लागला, दुसऱ्या गटांत ५०. ‘हा विकार नाहीं’ असें सांगण्याचें धैर्यहि डॉक्टरांस अधिक आलें. निर्णयाच्या अचूकपणांत मात्र फरक पडला नाहीं. म्हणजे यंत्रानें शहाणपण वाढविलें नाहीं, ताटकळणें कमी केलें. ज्या घरीं मूल रोज शिक्षा भोगीत आहे, तेथें सहा महिने ही लहान गोष्ट नव्हे.

तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेस सल्ला देणाऱ्या ‘नाइस’ संस्थेनें २०२४ सालीं निदानास साहाय्य म्हणून ह्या कसोटीस सहा ते सतरा वर्षांच्या वयासाठीं मान्यता दिली. औषधाचा परिणाम पाहण्यासाठीं मात्र अधिक पुरावा मागितला. हा सावधपणा योग्यच आहे. रात्रीं न झोपलेलें किंवा मनांत भीति धरून बसलेलें मूलहि वर्तुळें सोडतें. उलट विकार असलेलें एखादें मूल नव्या खोलीच्या नवलाईनें पंधरा मिनिटें उत्तम निभावून नेतें.

तरीहि औषधाच्या बाबतींत ह्या परीक्षेचा एक गुण नाकारतां येत नाहीं: मुलाची तुलना त्याच्याशींच होते. मेथिलफेनिडेट सुरू करण्यापूर्वींचा अहवाल व नंतरचा अहवाल शेजारीं ठेवले कीं, ठोके समान पडूं लागले कीं नाहीं हें दिसतें. ‘थोडा बरा वाटतो’ एवढ्यावर मात्रा वाढविण्याची पाळी येत नाहीं. पण वर्तुळांत सुधारलेलें मूल जेवणावरून उठून जात असेल, तर तें त्या कागदावर उमटत नाहीं. त्यासाठीं उंची, वजन, नाडी व रक्तदाब हीं ठराविक मुदतीनें तपासावीं लागतात, झोंपेची चौकशी करावी लागते, आणि खिडकीजवळच्या बांकावर काय चाललें आहे हें गुरुजींस पुन्हा विचारावें लागतें.