वक्त्याचे रूपक आणि श्रोत्याची भीती

(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कलाशाखेचे पदवीधर. दिवसभर बँकेत आकड्यांशी गाठ असली तरी भाषेची आवड सुटलेली नाही. म्हणून राजकीय वक्ते अलंकारिक भाषेने लोकांच्या मनात भीती कशी निर्माण करतात, या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही ठरविले आहे.

शाळेत आपण उपमा आणि रूपक शिकतो. 'अमका सापासारखा आहे' ही उपमा. 'सारखा' या शब्दामुळे माणूस आणि साप यांत अंतर राहते. कोणत्या बाबतीत सारखा, असे विचारता येते. 'अमका साप आहे' हे रूपक. येथे दोन्ही एकरूप होतात आणि प्रश्नाला जागा उरत नाही. शिवाय साप म्हटला की काठी आठवते. म्हणजे रूपक नुसते नाव देत नाही, त्याबरोबर उपायही सुचवून जाते.

हे किती भयंकर ठरू शकते ते आफ्रिकेतील रवांडा देशात दिसले. तेथे हुतू बहुसंख्य, तुत्सी अल्पसंख्य. 1960 च्या दशकात परागंदा तुत्सींच्या सशस्त्र टोळ्या सीमेपलीकडून हल्ले करीत. त्यांना 'इन्येंझी', म्हणजे झुरळे, म्हणत. ऑक्टोबर 1990 मध्ये तुत्सी निर्वासितांच्या फौजेने युगांडातून चढाई केली, तेव्हा हा शब्द पुन्हा वर आला. चढाई खरी होती, भीतीही खोटी नव्हती. परंतु आता शेजारचा शिक्षक, शेतकरी, त्यांची मुलेबाळे, सगळेच त्या एका शब्दात कोंबले गेले. झुरळांमध्ये निरपराध झुरळ कोणी शोधीत नाही!

22 नोव्हेंबर 1992 रोजी सत्ताधारी पक्षाचे पुढारी लेओं मुगेसेरा यांनी कबाया येथे भाषण केले. तुत्सींचे घर इथिओपियात आहे, त्यांना न्याबारोंगो नदीच्या वाटेने लवकर पोहोचवू, अशा आशयाचे ते बोलले. वरकरणी ही प्रवासाची भाषा होती. 1993 मध्ये सुरू झालेल्या रेडिओ मिल कोलिन्सने 'झुरळ' हा शब्द घरोघरी नेला. माणसे मारण्याला 'काम' म्हटले जाऊ लागले. एप्रिल ते जुलै 1994 या सुमारे 100 दिवसांत अंदाजे 8 लाख माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते, तसेच या हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही होते. न्याबारोंगोतून खरोखरच प्रेते वाहिली. मुगेसेरा यांना कॅनडाने 2012 मध्ये परत पाठविले आणि 2016 मध्ये रवांडातील न्यायालयाने त्यांना जन्मठेपेची शिक्षा दिली.

साप साप म्हणून भुई धोपटणे, असे आपण म्हणतो. तेथे काठीखाली माणसे आली. हे सारे केवळ शब्दांनी घडले, असे आमचे म्हणणे नाही. युद्ध होते, शस्त्रे होती, सरकारी यंत्रणा होती. पण शेजाऱ्यावर हात उचलण्यापूर्वी तो माणूस आहे ही जाणीव पुसावी लागते. ती शब्दांनी पुसली.

याचा अर्थ अलंकार टाकून द्यावेत, असा नाही. 'महागाईचा राक्षस' म्हटल्याने कोणाचे घर जळत नाही, कारण तेथे कोणा माणसाला राक्षस ठरविलेले नसते. माणसांच्या समूहाला पूर, वाळवी, रोग, विष अशी नावे मिळू लागली की मात्र सावध व्हावे.

बँकेत चेक कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असो, खात्यात शिल्लक पाहिल्याशिवाय आम्ही तो पास करीत नाही. सभेतल्या वाक्याचेही तसेच करावे. त्यातील रूपक काढून साध्या शब्दांत ते पुन्हा लिहून पाहावे. 'पूर आला' म्हणजे किती माणसे आली? कोठून? कोणी मोजली? 'वाळवी लागली' म्हणजे नक्की कोणी, काय केले? पुरावा कोणता? खरा धोका असेल तर तो साध्या शब्दांतही शिल्लक राहील आणि त्यावर कायद्याने उपाय करता येईल. काहीच शिल्लक राहिले नाही, तर आपल्याला फक्त घाबरविले गेले, असे समजावे.

विद्यार्थी मित्रहो, विरोधी पक्षाच्या वक्त्याला ही कसोटी कोणीही लावील. आपल्या आवडत्या वक्त्यालाही ती लावावी, आणि तीही टाळी वाजविण्यापूर्वी, एवढीच आमची विनंती आहे.