बारा ड्रायव्हर, एक कान



काल याच व्यासपीठावरून पाणीवाटपावर बोलणं झालं, उद्या ज्ञानेश्वरी आहे. मधला दिवस इयरफोनचा. विषय चैनीचा आहे हे आधीच कबूल करतो. दीड लाखाचा इयरफोन असतो असं म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतल्या काही भुवया वर गेल्या. पण असतो. दीड हजाराचाही असतो. आणि दोन्ही आळीपाळीने कानात घालून नीट ऐकणारा माणूस पुष्कळदा घोटाळ्यात पडतो. त्या घोटाळ्याबद्दलच आज बोलायचं आहे.

मी बोलतोय ते कानाच्या नळीत खोलवर, घट्ट बसणाऱ्या इयरफोनबद्दल. त्यांना इन-इयर मॉनिटर म्हणतात. हे गाणं ऐकणाऱ्यांसाठी नव्हे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी निघाले. मंचावर कलाकाराला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून समोर तिरके स्पीकर ठेवतात. रॉकच्या मंचावर त्यांचा इतका गदारोळ होतो की कान कायमचे जातात. व्हॅन हेलन या अमेरिकन बँडचा ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या गोंगाटाने बेजार झाला होता. १९९५ मध्ये त्याच्या ध्वनितंत्रज्ञाने, जेरी हार्वीने, त्याच्यासाठी कानात बसणारा मॉनिटर बनवला आणि त्यातून 'अल्टिमेट इयर्स' ही कंपनी उभी राहिली. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, 'एटिमॉटिक' कंपनीच्या मीड किलियनने ईआर-४ हा असाच इयरफोन बाजारात आणला होता. किलियन हा श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातला माणूस.

किलियनने आणि हार्वीने जो ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, वापरला तो श्रवणयंत्रांत वापरला जाणारा. त्याला बॅलन्स्ड आर्मेचर म्हणतात. तांदळाच्या काही दाण्यांएवढी धातूची डबी, आत तारेचं वेटोळं, दोन चुंबकांच्या मधोमध तोललेली धातूची बारीक पट्टी. पट्टी थरथरते आणि तिला जोडलेला पडदा हवा हलवतो. वीज अगदी कमी लागते, जागाही कमी. तोटा असा की एकट्याने तळापासून टोकापर्यंतचा सगळा पल्ला गाठणं त्याला जड जातं. म्हणून एक खर्जाला, एक मधल्या सप्तकाला, एक वरच्याला अशी वाटणी करतात. '६४ ऑडिओ' या अमेरिकन कंपनीच्या यू१२टी या मॉडेलमध्ये एका कानात असे बारा ड्रायव्हर आहेत. बाजारात आला तेव्हा किंमत दोन हजार डॉलर. उलट जर्मनीच्या सेन्हायझरने २०२१ मध्ये आयई ९०० काढला, तेव्हा त्याची किंमत तेराशे डॉलर आणि त्यात प्रत्येक कानाला एकच, ७ मिलिमीटरचा, नेहमीच्या स्पीकरसारखाच पण इवलासा ड्रायव्हर. दुकानदार बारा हा आकडा भाव सांगण्याच्या सुरात सांगतो. ड्रायव्हर मोजून आवाज ठरत असता तर आयई ९०० कोणी हातात धरला नसता.

आता खरी मेख. वस्तू कानात जाते, आणि कान हा प्रत्येकाचा वेगळा.

कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडदा. अशी नळी ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपणहून वाढवते, आणि तोही दहा-पंधरा डेसिबलने. जन्मापासून मेंदूला त्याची सवय आहे, म्हणून तो वाढीव भाग आपल्याला वाढीव वाटतच नाही. इयरफोनने नळीचं तोंड बंद केलं की ही नैसर्गिक वाढ बंद पडते, आणि ती इयरफोनला स्वतः घालून द्यावी लागते. सगळे स्वर सारख्याच जोरात देणारा, म्हणजे अगदी सपाट आलेख असलेला इयरफोन म्हणूनच घोंगडीखालून गायल्यासारखा वाटतो. पण वाढ किती घालायची? किलियनच्या मनात एक उत्तर होतं, आजच्या कंपन्यांच्या मनात वेगवेगळी आहेत, आणि तुमच्या कानाचं उत्तर त्यांतल्या कोणाशीच तंतोतंत जुळत नाही.

त्यात आणखी एक भानगड. तोंड बंद झाल्यावर इयरफोनचं टोक आणि पडदा यांच्यामध्ये जी आखूड नळी उरते, तिचा स्वतःचा एक सूर असतो. तो ७,००० ते १०,००० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी पडतो. इयरफोन खोल बसला तर वर सरकतो, उथळ बसला तर खाली. मोजमाप करणारे लोक कृत्रिम कान वापरतात. त्याचं मानक १९८१ चं, ७११ क्रमांकाचं, आज त्याला ६०३१८-४ म्हणतात. हा धातूचा कान १०,००० हर्ट्झच्या वर भरवशाचा नाही, आणि आलेख एकमेकांशी ताडता यावेत म्हणून मोजणारे इयरफोन मुद्दाम अशा खोलीवर बसवतात की त्या सुरामुळे आलेखात येणारा उंचवटा ८,००० वर येईल. आपण आलेख पाहून म्हणतो, 'याचा ट्रेबल ८,००० ला टोचतो.' टोचत असेल, पण धातूच्या कानाला. तुमच्या कानात तो उंचवटा ९,००० ला गेला तर गायिकेचा 'स' सुखाचा होईल, सात हजाराला आला तर त्याच 'स'ने दात शिवशिवतील. एकाच इयरफोनबद्दल एक जण 'मखमली' म्हणतो आणि दुसरा 'करकरीत'. दोघेही खरं बोलत असतात.

साचा घेऊन खास बनवलेले इयरफोन ही अडचण काही अंशी कमी करतात. श्रवणतज्ज्ञ कानात दिवा धरून आत पाहतात, दोरा बांधलेला स्पंजचा छोटा बोळा चिमट्याने नळीच्या दुसऱ्या वळणापलीकडे सरकवतात, मग पिचकारीने गार, लिबलिबीत सिलिकॉन भरतात. जग एकदम पाण्याखाली जातं, स्वतःचा आवंढा गिळलेला ऐकू येतो. चार-पाच मिनिटं तसंच बसायचं. गायकाचा साचा घेताना दातांत ठोकळा धरायला लावतात, कारण जबडा उघडला की नळीचा आकार बदलतो. बंद तोंडाने घेतलेल्या साच्याचा इयरफोन गायकाने 'आ' लावताच किंचित सुटतो. फट पडली की पहिला बळी खर्जाचा. खाली काही उरतच नाही. दुकानात 'याला बेस नाही' म्हणून परत ठेवलेल्या इयरफोनांपैकी कितीतरी केवळ टोकावरच्या रबरी टिपचं माप चुकल्याने बिनखर्जाचे ठरतात.

किमतीबद्दल. यरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन आणि इयरफोनांची मोजमापं तपासली. किंमत आणि फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे खालपासून वरपर्यंत कुठला स्वर किती जोरात येतो याचा आलेख, यांचा काही संबंध त्याला आढळला नाही. त्याच वर्षी हार्मन कंपनीच्या शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी ३० इन-इयर मॉडेलं ७१ श्रोत्यांना ऐकवली. पण एकही मॉडेल श्रोत्यांच्या हातात दिलं नाही! एकच चांगला इयरफोन श्रोत्याच्या कानात, आणि प्रत्येक मॉडेलचा मोजलेला आलेख गणिताने त्याच्यावर चढवलेला. वजन नाही, डबी नाही, नाव नाही, किंमत नाही. लोकांनी गुण दिले. हार्मनच्या अशाच चाचण्यांच्या मालिकेतून आवडीचा एक सर्वसाधारण आलेख निघाला. त्याला हार्मन टार्गेट म्हणतात. आज हजार-दीड हजाराचे चिनी इयरफोन याच्या आसपासचा आलेख गिरवतात. चेंगडूच्या मूनड्रॉपचा 'चू' २०२२ मध्ये वीस डॉलरला आला तेव्हा महागड्या मंडळींची थोडी पंचाईतच झाली.

मला स्वतःला हार्मनचा खर्ज आपल्या संगीताला जास्त वाटतो. हे मत आहे, सिद्धांत नव्हे.

मग दीड लाखात मिळतं काय? डावा आणि उजवा कान हुबेहूब सारखा, सुबक बांधणी, पाच वर्षांनी बदलता येणारी तार, बाहेरचा आवाज अडवण्याची ताकद, आणि वरच्या पट्टीत एक प्रकारचा गुळगुळीतपणा. हा शेवटचा भाग वादाचा आहे. रसिक त्याला 'डिटेल' म्हणतात, 'रेझोल्यूशन' म्हणतात. काही अभियंते त्याला थोतांड म्हणतात. मला वाटतं थोतांड नाही. तो ५,००० हर्ट्झच्या वरच्या बारीक चढ-उतारांत आहे, म्हणजे नेमका तिथे, जिथे छापलेला आलेख तुमच्या कानाबद्दल सर्वांत कमी सांगतो. म्हणूनच तो वादाचा राहतो. तारेने आवाज बदलतो म्हणणाऱ्यांशी मात्र मी वाद घालत नाही, चहा पितो.

पारखायचं कशावर? दुकानात लोक त्यांचं आवडतं गाणं लावतात. मी तानपुरा लावतो, नुसता. पुरुषी गळ्याचा, काळी एकमध्ये मिळवलेला. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ७० हर्ट्झच्या जरासा खाली. तिचाच पाचवा स्वरांश साधारण ३५० ला, तो स्वयंभू गंधार. पुष्कळ जाणकार मला कौतुकाने सांगतात, 'या इयरफोनवर गंधार काय स्वच्छ ऐकू येतो!' पण ३५० हर्ट्झच्या आसपास बहुतेक बरे इयरफोन एकमेकांच्या अगदी जवळ असतात. गंधार सगळ्यांवर ऐकू येतो. फरक पाहायचा असेल तर जवारीकडे कान द्या. घोडीच्या किंचित उताराच्या पाठीवर तार टेकते-सुटते, मध्ये सरकवलेला सुती दोरा तिची नेमकी जागा ठरवतो, आणि एका छेडीत वरच्या स्वरांशांची एक झुळूक चढून उतरते. दोन-तीन हजारापासून पुढे ती कशी जाते ते ऐका. एका इयरफोनवर ती अखंड सरकते. दुसऱ्यावर मध्येच एखादा स्वरांश खिळ्यासारखा वर येतो आणि त्याच्या पुढचे दबतात. तो खिळा म्हणजे तुमच्या नळीत त्या इयरफोनने उभा केलेला उंचवटा. इयरफोन दोन मिलिमीटर बाहेर ओढा, खिळा जागा बदलतो. गाण्याच्या गर्दीत हे कळत नाही, तानपुऱ्यात लपत नाही. त्यानंतर तबल्याच्या चाटीवरचा 'ना' ऐका, मग डग्गा, मग हवं तर गाणं.

आणि हे सगळं सारख्या आवाजावर. हा मुद्दा कंटाळवाणा आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचा आहे. एकाच फोनवर, व्हॉल्यूमच्या एकाच खुणेवर, दोन इयरफोनांत दहा डेसिबलचा फरक पडू शकतो. पण फसवतो तो एक-दीड डेसिबलचा फरक, कारण तो 'जोरात' असा कळतच नाही. तो 'भरीव', 'मोकळा', 'जिवंत' असा कळतो. शिवाय आवाज वाढला की कानाला खर्ज जास्त ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं. म्हणजे विक्रेत्याने महाग माल जरा चढा वाजवला की काम झालं. तो मुद्दाम करतो असं नाही, त्यालाही तो चांगलाच वाटत असतो.

विजेचीही एक गंमत आहे. कॅम्पफायर कंपनीचा अँड्रोमेडा हा पाच आर्मेचरचा नामांकित इयरफोन. त्याचा रोध १२.८ ओहम, आणि स्वरागणिक बदलणारा. अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा रोध दहा ओहम असेल तर निम्म्याच्या आसपास वीज तिथेच अडते, आणि प्रत्येक स्वराला वेगळ्या प्रमाणात. आलेखच बदलतो, म्हणजे तुम्ही ऐकता तो अँड्रोमेडा नव्हेच. अशा वेळी लाकडी पेटीतल्या वजनदार अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा अ‍ॅपलचा नऊ डॉलरचा, एक ओहमच्या आसपासचा डोंगल, म्हणजे फोन आणि इयरफोनमधला छोटा जोड, सरस ठरतो. आयई ९०० सारख्या एकाच ड्रायव्हरवाल्याला हा त्रास फारसा नाही.

वयाचं बोलायलाच हवं, कारण समोर बऱ्याच पिकल्या डोक्यांचे श्रोते आहेत आणि मीही त्यांतलाच. साठीनंतर १२-१३ हजार हर्ट्झच्या वरचं सहसा ऐकू येत नाही. त्यामुळे १६ हजाराच्या झगमगाटासाठी कोणी पन्नास हजार जादा मागू लागला तर नातवाला पुढे करा. जवारीचा बहुतेक कारभार त्याच्या खाली चालतो, आपलं काही अडत नाही.

आता बाहेरच्या टेबलाविषयी. तिथे दोन जोड्या ठेवल्या आहेत, एक फार महाग, एक फार स्वस्त. दोन्हींवर चिकटपट्टी गुंडाळली आहे. ७११ च्या कृत्रिम कानावर मोजून १,००० हर्ट्झला दोन्हींचा आवाज सारखा केला आहे. एकाला खर्ज जास्त असेल तर तो एकंदरीत तरीही जोरात वाटेल, त्याला माझा इलाज नाही. तानपुरा चालू आहे. काय ऐकू आलं ते वहीत आधी लिहा, पट्टी नंतर काढू. बिस्कीट खात ऐकू नका, जबडा हलला की फट पडते. तीन मापांच्या नव्या टिप्स वाटीत आहेत, वापरलेली शेजारच्या डब्यात टाका. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळं माप लागलं तर दचकू नका, पुष्कळांना लागतं.