दवाखान्याच्या दारापूर्वी
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात गोंदिया येथे विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज सत्कार झालेल्यांपैकी पुष्कळांच्या मनात डॉक्टर होण्याची आकांक्षा असेल. ती उचितच आहे. २०१६ साली गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून ती वाट घराजवळ आली आहे. परंतु सामुदायिक आरोग्य या विद्येकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दारी आलेल्या रोग्यास बरे करणे हे एक कार्य. रोग गावात शिरतोच का, याचा शोध घेणे हे दुसरे. पाणी, अन्न, मिळकत आणि रूढी ही या दुसऱ्या विद्येची पाठ्यपुस्तके होत. काही विद्यापीठांत तिची पदव्युत्तर द्वारे वैद्यकेतर पदवीधरांनाही खुली आहेत.

तिचे सामर्थ्य पाहावयास दूर जाणे नको. डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ही विद्या शिकले आणि १९८६ पासून शेजारच्या गडचिरोलीत कार्य करू लागले. त्यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार तेथील नवजात-मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. मोठे रुग्णालय न बांधता हे घडले, हे ध्यानी घ्यावे.

आता आपल्या घरची गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार विदर्भात अनेक समाजांत आढळतो. वाहकास सहसा काही त्रास जाणवत नाही. मात्र माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याचा संभव चारांत एक असतो. आपण विवाहापूर्वी पत्रिका ताडून पाहतो. रक्त मात्र तपासत नाही! वाहक असणे हा कलंक नव्हे, हे घरोघरी समजावून सांगणारे सुशिक्षित तरुण-तरुणी आपणांस हवे आहेत. परका मनुष्य जे सांगू धजणार नाही, ते आपले लेकरू सांगू शकेल.

म्हणून माझी नम्र विनंती अशी की, शिष्यवृत्ती देताना मंडळाने या विद्येच्या विद्यार्थ्यांचाही विचार करावा आणि वधूवर परिचय मेळाव्यात रक्ततपासणीची सोय करावी. तपासणी ऐच्छिक असावी व तिचा निष्कर्ष ज्याचा त्यालाच कळावा. एवढे झाले, तर आजच्या सत्काराचे सार्थक होईल.