हिशेबाची तपासणी आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ दुकान, अडत अथवा लहानसा कारखाना यांवर चालतो. अशा घरी करखात्याची नोटीस आली की घरादाराची झोप उडते. ‘आमचेच नाव का निघाले?’ हा पहिला प्रश्न आणि ‘कोणाची ओळख काढावी?’ हा दुसरा.

हिशेबाची तपासणी आपल्या मुलखाला नवी नव्हे. वाईजवळ मेणवली येथे ज्यांचा वाडा आजही उभा आहे, त्या नाना फडणविसांचे पदच मुळी हिशेबाचे. पेशवाईत कमाविसदारास आपल्या महालाचा जमाखर्च पुणे दरबारी समजावून द्यावा लागे.

आज प्रत्येकाचे दप्तर उघडणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. म्हणून प्राप्तिकराची विवरणपत्रे संगणक चाळतो व त्यांतील थोडीच सखोल छाननीस काढतो. बँकेकडून आलेली माहिती आणि आपण लिहून दिलेले आकडे जुळले नाहीत, की नाव निघण्याचा संभव वाढतो. २०२० पासून अशी बहुतेक प्रकरणे संगणकच दूरच्या एखाद्या अधिकाऱ्याकडे सोपवितो. सांगलीच्या व्यापाऱ्यास तो कोण, हे कळतही नाही. मग ओळख कोणाची काढणार? चोख कागद हीच आता खरी ओळख.

१ जुलै २०१७ पासून आलेल्या वस्तू व सेवा कराचेही तसेच. खात्याने लेखापरीक्षण करावयाचे, तर निदान १५ कामकाजाच्या दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि काम सामान्यतः तीन महिन्यांत संपवावे लागते. हे आपले हक्क होत. उलट वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने वह्या जपून ठेवणे, हे आपले कर्तव्य होय.

तपासणीचा जाच होतो, हे आम्ही नाकारीत नाही. प्रामाणिक दुकानदाराचेही दिवस मोडतात, सल्लागाराची फी पडते. परंतु तपासणी नसेल, तर पावती देऊन विकणारा मागे पडेल आणि बिनपावतीचा पुढे जाईल. शिवाय विक्रेत्याने कर घेऊन तो विवरणात दाखविला नाही, तर खरेदीदाराची वजावट अडकते. आणि तो खरेदीदार पुष्कळदा आपलाच ज्ञातिबंधू असतो!

भगिनींना एक विनंती. कर्ता पुरुष निवर्तला, तरी त्याचा कर चुकत नाही. मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंत वारसांना उत्तर द्यावे लागते. ज्या गृहिणीने दुकानाची वही कधी पाहिली नाही, तिने ते कसे द्यावे? यास्तव महिन्यातून एक संध्याकाळ पतिपत्नींनी व जाणत्या मुलांनी हिशेबास एकत्र बसावे. कोणती वही कोठे आहे आणि कोणाचे देणेघेणे किती, हे घरात निदान दोघांना ठाऊक असावे.

सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यान्वये हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि संस्थेचा तपासलेला ताळेबंद सभेपुढे आला म्हणजे आपण एकेक रकमेचा जाब विचारतो. संस्थेकडून जी शिस्त आपण मागतो, तीच आपल्या दुकानात पाळू या. मग नोटीस आली, तरी तिला उत्तर देण्यापुरतेच काम उरेल.